सावकाशची पणजी

घोड्यांची भीती वाटणाऱ्या माणसाने नोकरी करावी तर घोड्यांच्या साप्ताहिकात. तिथे घोडा चुकूनही फिरकत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कचेरीत चार टेबलं होती, एक पंखा होता, आणि भिंतीवर ओळीने नऊ वर्षांचे डर्बी जिंकलेले घोडे होते. दहाव्या वर्षी खिळे संपले होते.

खिडकीजवळच्या टेबलावर पणजोबा बसत. वय पासष्ट. त्यांना मूलबाळ नव्हतं, मग नातू कुठून असणार. पण कुठल्याही घोड्याचं नाव घ्या, त्याच्या पणजोबापर्यंतची सगळी मंडळी ते एका दमात सांगत. म्हणून हे नाव. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर "आठवून सांगतो" म्हणत. गेली सात वर्षं आठवत होते.

त्याआधी सतरा वर्षं ते घोड्यांच्या वंशनोंदणी कार्यालयात होते, आणि त्याच्याही आधी नळाच्या पाइपांचे नकाशे काढत. कार्यालयाला नवजात शिंगरांच्या अंगावरच्या खुणा रेखाटणारा माणूस हवा होता. ज्याला पाइप काढता येतात त्याला पाय काढता येतील, असा विचार करून त्यांना घेतलं. विचार तसा चुकीचा नव्हता. पाइपला डावं-उजवं नसतं, एवढंच कुणाच्या लक्षात आलं नाही.

समोरच्या टेबलावर स्टॉपवॉच बसे. हा तिशीचा गडी. घोड्याने आजवर कुठली शर्यत किती सेकंदांत संपवली, शेवटचे दोनशे मीटर किती सेकंदांत कापले, हे सगळं त्याच्या संगणकात. त्याचा पूर्वजांवर विश्वास नव्हता.

"तुमचं शास्त्र सोयीचं आहे," तो म्हणायचा. "घोडा हरला की आजोबांवर ढकलायचं."

"आणि तुझं?"

"माझ्याकडे वेळ असतो, पणजोबा. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत."

"तेच म्हणतो मी. वेळ आहे म्हणून तर बोलत बसलायस."

पण वर्षातून एकदा, डर्बीच्या आठवड्यात, स्टॉपवॉचलाही खुर्ची ओढून खिडकीपाशी यावं लागे. डर्बी चोवीसशे मीटरची, आणि फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी. घोडा चार वर्षांचा एकदाच होतो; म्हणून डर्बीही त्याच्या आयुष्यात एकदाच. बरं, त्या वयापर्यंत बहुतेकांनी सोळाशेच्या पुढे पाऊल टाकलेलं नसतं. जो कधी चोवीसशे मीटर पळलाच नाही तो चोवीसशे मीटर पळेल का, हे त्याच्या मागच्या कामगिरीवरून सांगता येत नाही. मग त्याच्या घराण्याकडे चौकशी करावी लागते. घराणं पणजोबांकडे होतं.

यंदा चौकशीत फारसं अवघड काही नव्हतं. सगळ्यांचा लाडका घोडा होता दस्तुरखुद्द. पाच शर्यतींत चार विजय, सगळ्यात लांब सोळाशे मीटर. फाटक उघडलं की हा पुढे, तो शेवटपर्यंत पुढे. शेवटच्या दोनशे मीटरला जरासा मंदावायचा, पण ते कुणी मनावर घेत नव्हतं, कारण त्याची पणजी होती चिकाटी. चिकाटी म्हणजे तीन हजार मीटरची घोडी. शर्यत संपल्यावर तिला थांबवायला माणसं पाठवावी लागत, असं जुने लोक सांगत. ज्याची पणजी अशी, त्याला चोवीसशे म्हणजे अंगणातून घरात.

आणि एक घोडा होता सावकाश. हे नाव मालकाने का ठेवलं असेल ते त्याच्या शर्यती बघितल्यावर कळे. त्याची पणजी होती चपला, हजार मीटरची राणी. अकराशेव्या मीटरला चपलाला घर आठवायचं. गेल्या नोव्हेंबरात सावकाशच्या ट्रेनरबाईंनी पणजोबांना फोन करून विचारलं होतं, याला लांबच्या शर्यतीत घालू का? पणजोबांनी क्षणभरही न थांबता सांगितलं होतं, "बाराशेच्या पुढे नेऊ नका. रक्तात नाही." बाईंनी ऐकलं. सगळा मोसम तो बाराशेत पळाला. पाचवा, सहावा, चौथा, सातवा, पुन्हा पाचवा.

"हा घोडा शर्यत संपली की पळायला लागतो," स्टॉपवॉच म्हणाला होता, आणि कचेरी हसली होती. सगळ्यात मोठ्याने पणजोबा हसले होते.

डर्बीच्या यादीत सावकाशचं नाव अजून होतं, कारण ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. पक्की नावं बुधवारी दुपारी बारापर्यंत कळवायची होती. त्याच रविवारी बाराशेचीही एक शर्यत होती, आणि ट्रेनरबाई त्याला तिथे पळवणार हे जगजाहीर होतं.

सोमवारी संपादकांनी पणजोबांच्या टेबलावर एक फोटो ठेवला. संपादक गृहस्थ चांगले होते. त्यांना फक्त मोकळी जागा बघवत नसे. डर्बी विशेषांकात 'जुने दिवस' असं एक पान होतं आणि त्यात बोटभर जागा रिकामी राहिली होती.

"एका जुन्या डॉक्टरांच्या मुलीने पाठवलाय. घोड्यांचे डॉक्टर हो. मागे लिहिलंय बघा, 'चिकाटी आणि तिची मुलगी, पाचवा दिवस.' म्हणजे आपल्या दस्तुरखुद्दची आजी! दोन ओळी लिहून द्या."

फोटोत एक थोराड तांबडी घोडी उभी होती, आणि तिच्या पोटाखाली तोंड घालून पाच दिवसांचं तांबडं शिंगरू दूध पीत होतं. शिंगराची पाठ फोटो काढणाऱ्याकडे होती. शेपूट वर, मागचे दोन पाय फाकलेले. मागच्या उजव्या पायाला गुडघ्याखाली पांढरा मोजा.

पणजोबांनी दोन ओळी लिहायला पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. दस्तुरखुद्दच्या आजीचा पांढरा पाय डावा होता. नोंदवहीत डावा, पुढच्या प्रत्येक कागदावर डावा. मागचा उजवा पाय पांढरा होता तो सावकाशच्या आजीचा. चपलाच्या मुलीचा. दोघींचा जन्म एकाच रात्रीचा, एकाच फार्मवर.

"फोटो उलटा छापला असेल," ते स्टॉपवॉचला म्हणाले.

स्टॉपवॉचने फोटो डोळ्यांजवळ नेला. "कोपऱ्यात बादली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'ही बादली हलवू नये.' सरळ वाचता येतंय."

"नीट बघ."

"पणजोबा, बादली काय खोटं बोलणार आहे? झालं काय पण?"

"काही नाही," पणजोबा म्हणाले, आणि छत्री न घेता बाहेर पडले. बाहेर ऊन होतं, म्हणून ते कुणाला खटकलं नाही.

वंशनोंदणी कार्यालयात आता त्यांच्या हाताखालचा कारकून अधिकारी झाला होता. त्याने साहेब म्हणून खुर्ची दिली आणि चोवीस वर्षांपूर्वीची फाइल काढून दिली. त्या आठवड्याचे सहा फॉर्म होते. पणजोबांच्या नोकरीचा तो पहिलाच आठवडा. फॉर्मवर घोड्याचे मागचे पाय छापलेले असत, मागून पाहिल्यासारखे, आणि वर ठळक सूचना असे: 'शिंगराच्या मागे उभे राहून भरावे.'

पणजोबांना सगळं लख्ख आठवलं. घोड्याच्या मागे उभं राहावं, असं सरकारी कागद सांगतो. पण लाथ कागदाला बसत नाही. त्यांनी सहाही शिंगरं अर्ध्या दाराच्या बाहेर उभं राहून काढली होती. समोरून. समोर जे उजवीकडे दिसलं ते उजवीकडे, जे डावीकडे दिसलं ते डावीकडे. पाइप काढतात तसं.

सहा महिन्यांनी शिंगरं आयांपासून तोडून एका कुंपणात सोडली, तेव्हा तपासनीस हे फॉर्म घेऊन फिरला. चार फॉर्म कुठल्याच शिंगराशी जुळेनात. तपासनीस जुना माणूस. नवीन पोराची चूक त्याने ओळखली आणि लाल शाईने डाव्याचं उजवं करून सही ठोकली. चारही फॉर्मवर ती लाल शाई होती. उरलेले दोन मात्र स्वच्छ. उजव्या पायाची मुलगी डाव्या पायाची म्हणून काढली होती आणि डाव्या पायाची उजव्या. आणि कुंपणात डाव्या पायाची एक होती नि उजव्या पायाची एक. दोन्ही फॉर्मना आपापली शिंगरं मिळाली. त्या आठवड्यात बिनचूक ठरलेले फॉर्म एवढे दोनच. तपासनिसाने तेव्हा ते सगळ्या कचेरीत फिरवून दाखवले होते: "असं काम पाहिजे."

दुसऱ्या फॉर्मच्या पाठीमागे बारीक अक्षरात एक ओळ होती. 'शिंगरे अदलाबदल झाल्याची मोतद्दाराची हरकत. कागद दाखवून निकाली काढली.'

म्हणजे घोड्यांना खरारा करणाऱ्या माणसाला ठाऊक होतं. त्याला कागद दाखवला होता.

"आता काय करायचं?" पणजोबांनी विचारलं.

अधिकाऱ्याने नियमाचं पुस्तक उघडलं. तो कायदा पाळणारा होता. त्याला पणजोबांनीच तसं शिकवलं होतं. "जन्मनोंदीविरुद्ध तक्रार एकवीस दिवसांत करायची असते, साहेब."

"माझीच तक्रार आहे. माझ्याविरुद्ध."

"हो, पण चोवीस वर्षांनी." त्याने पुस्तक मिटलं. "आणि साहेब, रागावू नका, पण कशाला? तो पहिला आठवडा सोडला तर तुम्ही सतरा वर्षांत एक चूक केली नाही, असं आम्ही नवीन पोरांना अजून सांगतो. दस्तुरखुद्द जिंकणार, चिकाटीचं नाव होणार. कुणाचं काही अडलंय का?"

कुणाचं अडलं होतं ते पणजोबांना घरी पोचेपर्यंत चांगलं कळलं होतं.

बायको पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर होती. चाळीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवत होती. तिच्या लेखी घोडा म्हणजे शिवायला अवघड गिऱ्हाईक. पणजोबांनी तिला सगळं सांगितलं. तिने दोऱ्याचं टोक दातांत धरून ऐकलं.

"म्हणजे तुम्ही समोरच्याचा डावा तुमच्या डावीकडे धरलात," ती म्हणाली.

"हो."

"अहो, आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. गिऱ्हाइकाचा डावा तो डावा. नाहीतर खिसा उलट्या बाजूला जातो. तुम्हाला घोड्याच्या कचेरीत हे कुणी शिकवलं नाही?"

"लिहिलं होतं."

"मग?"

"मागे उभं राहायला सांगितलं होतं."

बायको हसली नाही. हा तिचा मोठेपणा. चोवीस वर्षांत नवरा कुठल्या घोड्याच्या किती जवळ गेला असेल याचा अंदाज तिला होता. लग्नाच्या फोटोच्या वेळी शेजारच्या टांग्याला बघून तो तिच्या आड उभा राहिला होता.

"सांगून टाका," ती म्हणाली.

"अगं, पस्तीस हजार लोक वाचतात. एक चूक सांगितली की बाकीचं सगळं संशयात. माझ्याकडे दुसरं आहे काय? मला पळता येत नाही, घोडा ओळखता येत नाही. कागद बिनचूक, एवढंच काय ते माझं नाव."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर काहीच नाही. दस्तुरखुद्द पळेल. सावकाश बाराशेत पाचवा येईल."

"त्याची डर्बी पुढच्या वर्षी असेल ना?"

"नाही. एकदाच असते."

बायकोने दोरा तोडला. "आणि तुमचं नाव?"

पणजोबा जेवायला बसले. त्यांनी दोन वेळा मागून घेतलं. विचारात असले की ते मोजत नसत.

मंगळवारी सकाळी त्यांनी स्टॉपवॉचला खिडकीपाशी बोलावलं. एरवी विचारायला तो येई; आज विचारणार पणजोबा होते. स्टॉपवॉच जरा घाबरत आला.

"सावकाशच्या पाचही शर्यतींचे शेवटचे दोनशे मीटर काढ."

"काढायचे कशाला, तोंडपाठ आहेत. पाचातल्या चार वेळा सगळ्यांत वेगवान. म्हणून तर म्हणालो होतो, संपल्यावर पळायला लागतो."

"आणि दस्तुरखुद्दचे?"

"दर शर्यतीला थोडे जास्त हळू. बाराशेत बरे, चौदाशेत वाईट, सोळाशेत..." तो थांबला. "पण त्याची पणजी चिकाटी ना?"

"ती चिकाटी नसेल तर?"

स्टॉपवॉचने संगणकाकडे पाहिलं, मग पणजोबांकडे. "तर हा दोन हजारला बसकण मारेल. आणि तो सावकाश..." त्याने सावकाश हा शब्द फार सावकाश उच्चारला. "पणजोबा, माझे आकडे तीन महिने हेच ओरडून सांगताहेत. मी तुमच्या पणजीचं ऐकून गप्प बसलो!"

"मी पण," पणजोबा म्हणाले.

संपादकांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. त्यांच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर एक चौकट असे: पणजोबांचे तीन घोडे, पहिला, दुसरा, तिसरा. कारणं पान पाचवर.

"चौकटीत काय घालणार?"

"पहिला सावकाश."

"तो डर्बीत पळणारच नाहीये!"

"बघतो."

"आणि कारणं?"

पणजोबांनी हाताने लिहिलेली सहा पानं पुढे केली. सुरुवातच अशी होती: 'चूक माझी आहे.' संपादकांनी पानं मोजली, वाचली नाहीत. "पान पाचवर खोगिराच्या पॉलिशची जाहिरात आहे. तिच्या खाली नऊ ओळी मावतील."

"नऊ ओळींत चोवीस वर्षं?"

"बारीक टाइपात घेऊ."

बुधवारी सकाळी पणजोबा ट्रेनरबाईंच्या तबेल्यात पोचले तेव्हा साडेआठ वाजले होते. फोनवर सांगता आलं असतं. पण अशी गोष्ट फोनवर सांगायची म्हणजे पुन्हा अर्ध्या दाराबाहेर उभं राहणं झालं, असं त्यांना वाटलं असावं. निदान बसमध्ये बसेपर्यंत वाटत होतं. तबेल्याच्या फाटकाशी त्यांची पाचावर धारण बसली. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना घोड्यांची तोंडं बाहेर आलेली. ते बरोबर मधोमध चालत गेले, दोन्ही बाजूंना सारखीच भीती वाटेल असे.

ट्रेनरबाई पन्नाशीच्या, रबरी बूट घातलेल्या, हातात बादली. सहा घोड्यांचा छोटा कारभार होता त्यांचा. पणजोबांना बघून त्या चकित झाल्या.

"तुम्ही? इथे? कुठलं घोडं पेंड खातंय?"

पणजोबांनी सांगितलं. फॉर्म, समोर, डावा, उजवा, लाल शाई, मोतद्दार. मधे एकदाही 'पण' म्हणाले नाहीत. बाईंनी बादली खाली ठेवली.

"म्हणजे याची पणजी चिकाटी."

"हो."

"आणि मी सगळा मोसम त्याला बाराशेत दामटवला."

"हो."

"तुमच्या सांगण्यावरून."

"हो."

"पाच शर्यती! अहो, जॉकी दर वेळी उतरून सांगायचा, बाई, याला अजून पळायचं होतं. मी त्याला म्हणायचे, गप रे, पणजोबांपेक्षा तुला जास्त कळतं का? बिचाऱ्याला मी दोनदा झापलंय!" त्यांनी आवाज चढवला तसा शेजारच्या घोड्याने कान मागे टाकले आणि पणजोबांनी एक पाऊल मागे टाकलं. "आणि तुम्ही मागे का नाही उभे राहिलात?"

"भीती वाटते."

"कशाची?"

पणजोबांनी आजूबाजूला नुसती नजर फिरवली.

 बाईंकडे बोलायला पुष्कळ होतं, त्यातलं थोडं त्या बोलल्याही, पंधरा मिनिटं. ते इथे देण्यासारखं नाही. पणजोबांनी सगळं उभं राहून ऐकलं, आणि संपल्यावर घड्याळ पाहिलं.

"नऊ वाजून दहा मिनिटं झाली. नाव बारापर्यंत कळवायचं आहे."

"मला माहीत आहे नाव कधी कळवायचं ते!" बाई फोन काढत म्हणाल्या. "निघा आता. आणि भिंतीच्या बाजूने जा, मधून नको. त्या चौथ्या ठाणातला चावतो."

शुक्रवारी अंक निघाला. पणजोबांनी पान पाच उघडलं. पॉलिशच्या जाहिरातीत एक चकचकीत खोगीर होतं, त्याच्या खाली नऊ ओळी, त्यात 'चूक माझी आहे' ही पहिली. ते दिवसभर फोनशेजारी बसून राहिले. तीन फोन आले. एकाला अंक मिळाला नव्हता, दुसऱ्याला वर्गणी बंद करायची होती, त्यालाही कारण जावयाची बदली. तिसरा बायकोचा, येताना बटणं आणा म्हणून.

रविवारी मैदानावर त्यांनी खिशात हात घालून, मान खाली घालून प्रवेश केला. तोंड लपवायला जागा शोधत होते, पण लपवायची वेळच येईना. ओळखीचे लोक हात करत होते. "पणजोबा, सावकाश? काय डोकं आहे हो तुमचं! बाराशेचा घोडा चोवीसशेत!" दुसरा म्हणाला, "आतली बातमी दिसते." पणजोबा प्रत्येकाला म्हणत होते, "पान पाच वाचलंत का?" आणि प्रत्येक जण म्हणत होता, "पान पाचवर काय असतं?"

पस्तीस हजार वाचकांपैकी पान पाच कुणीही वाचलेलं नव्हतं. गेली सात वर्षं ते ज्या पानासाठी रात्रंदिवस खपले, ते पान लोक चौकट कापून घेतल्यावर टाकून देत होते. कबुलीची भीती होती ती गेली, आणि तिच्या जागी भलतंच दुःख आलं.

मग डर्बी झाली. चौदा घोडे. दस्तुरखुद्द फाटकातूनच पुढे, नेहमीप्रमाणे. सावकाश शेवटून दुसरा, नेहमीप्रमाणे. हजार मीटर गेले, सोळाशे गेले. दोन हजारला दस्तुरखुद्दची मान वर आली आणि पावलं आखूड झाली. त्याला घर आठवलं. पंधरा सेकंदांत त्याला चौघांनी मागे टाकलं. तूर्तास नावाचा एक घोडा, ज्याबद्दल कुठल्याच पानावर काही नव्हतं, तो मोकळा पुढे निघाला. आणि बाहेरच्या बाजूने, एकेक करून, कुणी बोलावल्यासारखा, सावकाश येऊ लागला. दहावा, सातवा, पाचवा. रेषेवर तूर्तास पहिला, दुसरं कुणीतरी दुसरं, सावकाश तिसरा. रेषेपुढे साठ मीटरवर मात्र तो सगळ्यांच्या पुढे होता, आणि त्याला थांबवायला जॉकीला मैदानाला अर्धी चक्कर मारावी लागली. स्टँडमधले लोक आधी हसले, मग उभे राहिले.

"शेवटचे दोनशे, या मोसमातले सगळ्यांत वेगवान," स्टॉपवॉच घड्याळाकडे बघत पुटपुटला. "पणजोबा, याला चोवीसशे कमी पडतात हो!"

ट्रेनरबाई घोडा धरून परत येत होत्या. तिसरा येऊनही त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा होता. पणजोबा कठड्यापाशी उभे होते.

"पुढच्या महिन्यात अठ्ठावीसशेची आहे," बाईंनी लांबूनच ओरडून विचारलं. "घालू?"

पणजोबांनी श्वास घेतला. "चिकाटीची आई म्हणजे—"

"पणजीची आई नको! हो की नाही?"

"हो."

तेवढ्यात वाहिनीची एक बाई माइक घेऊन पोचली. विजेत्याचं बोलून झालं होतं. आता या विचित्र तिसऱ्याचं हवं होतं. मैदानातल्या सगळ्या कर्ण्यांतून तिचा आवाज घुमला. "मोसमभर बाराशे मीटर पळवलेला घोडा एकदम डर्बीत कसा आणलात?"

"एकदम नाही, उशिरा आणला," ट्रेनरबाई म्हणाल्या. "आठ महिने मला एका माणसाने थांबवून ठेवलं होतं. हा बघा, कठड्याशी उभा आहे, चौकड्यांच्या शर्टातला. घोड्याला घाबरून यांनी चोवीस वर्षांपूर्वी दोन शिंगरांचे पाय उलटे काढले, आणि आया बदलून टाकल्या. त्या दस्तुरखुद्दची पणजी ही खरी याची पणजी! आणि बुधवारी माझ्या तबेल्यात येऊन यांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. नसतं सांगितलं तर आज हा बाराशेत पाचवा आला असता."

कर्ण्यांनी शेवटचा शब्द दोनदा म्हटला. स्टँडमध्ये हजारो माना कठड्याकडे वळल्या. वंशनोंदणीचा अधिकारी तिसऱ्या रांगेत होता. त्याने टोपी पुढे ओढली. संपादक मान हलवत होते. त्यांच्या डोक्यात पुढच्या अंकाचं पहिलं पान भरत होतं.

माइक पणजोबांच्या तोंडापुढे आला. "हे खरं आहे का?"

पणजोबांनी चष्मा नाकावर नीट बसवला. सावकाश आता त्यांच्यापासून दोन हातांवर होता, घामाने काळा पडलेला, आणि त्यांच्या बाहीचा वास घेत होता. पणजोबांचा रंग उडाला होता, तरी ते हलले नाहीत.

"नाही," ते म्हणाले.

ट्रेनरबाईंचा हात लगामावर आवळला.

"आठ महिने नाही. अकरा नोव्हेंबर ते पाच जून. सात महिन्यांना सहा दिवस कमी," पणजोबा म्हणाले. "बाकी सगळं बरोबर आहे."